पिकअपला मोठे टायर टाकावेत का? (215/75 काढून 235/75)

टोमॅटोवाला_जुन्नर

नमस्कार मंडळी. बोलेरो पिकअप आहे, 2017 ची, दुसऱ्याकडून घेतलेली. टायर संपलेत. मागचे दोन तर टीडब्ल्यूआयच्या (टायर संपल्याचं दाखवणाऱ्या) खुणेला टेकले. जूनअखेर टोमॅटोचा तोडा सुरू होईल, त्याआधी चारही बदलायचेत.

आत्ता 215/75 आर15 आहेत (215 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 15 म्हणजे इंचात डिस्क). दुकानदार म्हणतो, 235/75 आर15 टाका, गाडी सव्वा इंच उचलेल, डिस्क (टायर बसतो ती लोखंडी चकती) बदलायला नको. मला मोह पडलाय, कारण माझं दुखणं वेगळंच आहे. डांबरी सोडून रानात जायला सातशे मीटर कच्चा रस्ता, सगळी काळी माती. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडल्यात आणि मधे वरंबा उभा राहिलाय. त्या वरंब्याला माझ्या गाडीचा गोळा (मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियल) घासतो. मागच्या श्रावणात तर गाडी गोळ्यावर बसली, मागचं एक चाक नुसतंच फिरत होतं. 70 क्रेट उतरवले, गाडी ओढली, पुन्हा 70 क्रेट चढवले. त्यात पाऊस. बायको अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगते.

माल नारायणगावच्या मार्केटला, आठवड्यातून दोनदा माळशेज उतरून वाशीला. क्रेट 20 किलोचा, 70 ते 75 क्रेट असतात. कोणी 235 वापरलेत का? घाटात फरक पडतो का?

थार_घेणार_होतो

टाका बिनधास्त! माझ्या बोलेरोला दोन वर्षं 235 आहेत. गाडी काय भारी दिसते राव. कुठे घासत नाही, फक्त पूर्ण वळवलं की पुढे थोडा आवाज येतो.

टोमॅटोवाला_जुन्नर

दादा, तुमच्या गाडीत माल किती असतो?

थार_घेणार_होतो

माल कसला, मी आणि पोराचं दप्तर.

जुना_फिटर

भाऊ, घाई करू नका. बावीस वर्षं पिकअप आणि टेम्पोच्या खाली झोपून काढलीत, म्हणून सांगतो.

आधी सव्वा इंचाचा हिशोब. 215/75 आर15 चा व्यास कागदावर 703 मिलिमीटरच्या आसपास, 235/75 चा 733. फरक 30, म्हणजे तुमच्या दुकानदाराचा सव्वा इंच. पण गोळा एक्सलवर असतो आणि एक्सल चाकाच्या मध्यावर. तो निम्माच उचलला जाणार, 15 मिलिमीटर. तुमच्या करंगळीच्या जाडीएवढा. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून बघू म्हणाल, तर त्याने हौदा वर जाईल, चेसिस वर जाईल, गोळा तिथेच राहील. टेप घेऊन गोळ्याच्या खालून जमिनीपर्यंत मोजा, मग वरंबा मोजा. मग बोलू.

आता खरी भीती. दुकानदार दाखवतोय तो 235/75 कुठल्या जातीचा? बाजूच्या भिंतीवर आकड्यांच्या पुढे लोड इंडेक्स असतो. 235/75 चे बरेच टायर जीपगाड्यांसाठी असतात, 105 इंडेक्सचे. 105 म्हणजे एका टायरवर 925 किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण ते वजन तो 35 पीएसआयला उचलतो, त्यापुढे कितीही हवा मारा, क्षमता वाढत नाही. शिवाय जीपचा टायर मालगाडीला लावायचा तर त्या आकड्याला 1.1 ने भागून धरण्याचा दंडक आहे. उरले 840. तुमच्या आत्ताच्या टायरवर एलटी (लाइट ट्रक) आणि 8पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरची मजबुती) लिहिलेलं असेल, इंडेक्स बहुतेक 106. तो 65 पीएसआयला 950 किलो घेतो. म्हणजे मोठा टायर टाकून तुम्ही ताकद कमी करणार. हे दुकानदार सांगत नाही, कारण तो वजन विचारतच नाही. एकदा भरलेल्या गाडीचा फक्त मागचा एक्सल वजनकाट्यावर चढवा आणि आकड्याला दोनाने भागा.

डिस्कही बघा. तिच्यावर साडेपाच जे (साडेपाच इंच रुंदी) कोरलेलं असेल तर 235 चा विषय तिथेच संपला, त्याला किमान 6 इंची डिस्क लागते.

घाटाचं विचारलंत. टायर सव्वाचार टक्के मोठा झाला की प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो. वाशीहून रिकामी येताना कळणार नाही. पण भरून चढलात तर तिसऱ्यात चढणारी गाडी दुसरा मागेल, आणि उतरताना इंजिनचा आवळही कमी मिळेल, सगळं ब्रेकवर येईल. माळशेजमध्ये जुलैच्या धुक्यात 75 क्रेट मागे घेऊन मला ते नको वाटतं. मीटरही कमी दाखवणार, काटा 60 वर तेव्हा तुम्ही साडेबासष्टवर. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून लोक म्हणतात मायलेज पडलं. थोडं पडतंच, पण त्यातलं चार टक्के मीटरचं खोटं असतं.

आणि स्टेपनी? पाच घेणार की चार? मागे एका बाजूला 235 आणि दुसऱ्या बाजूला 215 ची स्टेपनी लावून वाशी गाठलीत तर गोळ्यातली चक्रं सगळा रस्ताभर झगडत जातील.

पासिंगवाला

फिटरकाकांशी सहमत. एक भर. तुमची गाडी आठ वर्षांपुढची, म्हणजे दरवर्षी पासिंग. कंपनीने दिलेल्या मापात बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कोणी बघेल, कोणी नाही बघणार. पण अपघात झाला तर विमेवाला नक्की बघतो.

टोमॅटोवाला_जुन्नर

सगळ्यांचे आभार. आज मोजलं. गोळ्याखाली 19 सेंटिमीटर. पोराला फळी धरायला लावून वरंबा मोजला, चाकोरीच्या तळापासून 24. फिटरकाका, तुमच्या करंगळीने काही होत नाही.

वजनकाट्यावरही गेलो. कांदा भरलेला होता, दीड टन. मागचा एक्सल 1,780 किलो, म्हणजे एका टायरवर 890. दुकानदाराला फोन करून इंडेक्स विचारला. म्हणाला, "साहेब, एवढं कोणी बघत नाही." मग फोटो मागवला. 105 निघाला.

मग आता काय करू? तेच माप ठेवून मागे लग (खोल आडव्या खाचांची नक्षी) आणि पुढे रिब (सरळ उभ्या पट्ट्यांची) चालेल का?

जुना_फिटर

चालेल. काळ्या मातीत रुंदीपेक्षा नक्षी कामाला येते. 235 चा रुंद टायर चिखल अंगावर घेऊन गुळगुळीत होतो, लगच्या खाचा चिखल बाहेर फेकतात. डांबरीवर गुरगुर ऐकावी लागेल आणि झिजेलही लवकर. एलटी 8पीआरच घ्या. टायरच्या भिंतीवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन बनवल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला माल उन्हाळ्यात खूप खपवतात.

आणि 24 मधून 19 वजा करा. पाच सेंटिमीटर. त्याला टायर कशाला, मुरूम टाका. चाकोऱ्या भरल्या की वरंबा आपोआप बुटका होतो.

टोमॅटोवाला_जुन्नर

हेच घरच्यांनी मागच्या वर्षी सांगितलं होतं, ते इथे लिहायचं नव्हतं. लग-रिब आणि जुन्यातला बरा टायर स्टेपनीला, असं ठरलं. सहा ट्रॉली मुरूम सांगितलाय. शेजाऱ्याला निम्मे पैसे मागितले तर म्हणाला, माझा ट्रॅक्टर तर जातोय.