मदत हवी आहे: पायवाटेसाठी काँक्रीटचा चुरा किती टन मागवू?

मंडळी, बागेतल्या पायवाटेखाली जुन्या काँक्रीटचा चुरा घालायचाय, बारीक भुकटीसकटचा. वाट १२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. धुम्मस मारून बसल्यावर थर १० सेंमी हवा. म्हणजे १.४४ घनमीटर. इथपर्यंत सोपं आहे.

सैल माल दाबल्यावर खाली बसतो, म्हणून २० टक्के वाढवून १.७३ घनमीटर धरले. सैल चुरा घनमीटरला अंदाजे दीड टन, म्हणजे २.६ टन. दुसरीकडे, दाबलेला थर घनमीटरला १.९ टन धरून थेट १.४४ ला गुणलं तर २.७ टन येतात. आकडे जवळपास जुळतात. मग दोन्हीपैकी एकच रीत वापरायची ना? दाबलेल्या वजनावर परत २० टक्के चढवले तर नुसता ढीग उरेल, असं मला वाटतं.

खरी अडचण पुढे आहे. माल वजनावर मिळतो आणि पावसात भिजलेला असला तर पाण्याचंही वजन त्यात धरलं जातं. त्यासाठी किती वाढवता? शिवाय एका टोकाला माती मऊ आहे, पाय रुततो. तिथे खाली जिओटेक्स्टाइल (चुरा मातीत मिसळू नये म्हणून घालायचं कापड) अंथरलं तरी जास्तीचा चुरा लागेल का?

ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांनी सांगा.