पलंगावरचा सराव आणि पाण्यातला सराव
श्वास रोखून धरण्याचा सराव पलंगावर पडून केला काय किंवा पाण्यात केला काय, दोन्ही सारखेच, हे म्हणणं मला पटलं नाही. गार पाणी चेहऱ्याला, विशेषतः कपाळाला आणि डोळ्यांभोवती लागलं की व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूकडून हृदयाकडे जाणारी नस) हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय नुसतं गळाभर पाण्यात उभं राहिलं तरी दाबामुळे पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं रक्त जास्त झालंय, मग मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू लागतात. (पोहताना सारखी लघवी का लागते, ते हेच!) श्वास रोखण्याआधी भराभर श्वास घेणं मात्र नकोच. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, श्वासाची ओढ लावणारा कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. त्यामुळे ती ओढ लागण्याआधीच शुद्ध हरपू शकते, अगदी उथळ पाण्यातही. पलंगावर शुद्ध गेली तर श्वास आपोआप सुरू होतो, पाण्यात नाकातोंडात पाणी जातं. तेव्हा शेजारी जाणकार माणूस हवाच.