औषधाची रांग: आधी अडलेल्या चिठ्ठ्या बाजूला काढा

सरकारी रुग्णालयात औषधाची रांग कमी कशी करायची, यावर बऱ्याच जणांनी ‘औषधाच्या खिडक्या वाढवा’ म्हटलंय. वाढवा की! पण तिथे ओपीडी सकाळची, त्यामुळे दुपारच्या सुमारास सगळे केसपेपर एकदमच औषधाच्या खिडकीवर येऊन आदळतात. गोळ्या मोजायला वेळ थोडाच लागतो. खोळंबा होतो तो अडलेल्या चिठ्ठीमुळे: डोस वाचता येत नाही, किती दिवस ते लिहिलेलं नाही, किंवा औषध साठ्यातच नाही. मग रुग्ण परत डॉक्टरकडे, आणि मागचे ताटकळत. अशा चिठ्ठ्यांसाठी एक फार्मासिस्ट वेगळा बसवा, त्याच्याकडे ओपीडीचा थेट फोन द्या. संपलेल्या औषधांची यादी सकाळीच डॉक्टरांच्या टेबलावर हवी.

बीपी-शुगरच्या महिनाभराच्या गोळ्यांची पाकिटं आदल्या दुपारी भरून ठेवता येतात. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिवसाला 2 म्हणजे 60 गोळ्या, दहाच्या 6 स्ट्रिप. पंधराची स्ट्रिप आली तर 4. घाईत नेमकी इथेच चूक होते. 500 आणि 1000 मिलिग्रॅमचे ट्रे शेजारी ठेवू नका. स्ट्रिप कापावीच लागली तर बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेलं टोक शेवटी वापरा.