मदत हवी आहे: मोझेलची रीसलिंग आणि बांगड्याचं हुमण

नमस्कार मंडळी. जर्मनीहून आलेल्या मेव्हण्याने मोझेल खोऱ्यातल्या रीसलिंगच्या (पांढऱ्या वाइनच्या) दोन बाटल्या आणल्यात, एक ट्रोकन आणि एक काबिनेट. रविवारी फोंड्याला आमच्याकडे जेवण आहे: तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. कुठली बाटली कशाबरोबर उघडू?

ट्रोकन म्हणजे कोरडी, हे ठाऊक आहे. काबिनेट हा दर्जा मात्र तोडणीच्या वेळी द्राक्षरसात साखर किती होती त्यावरून मिळतो, त्यामुळे वाइन गोड असेलच असं नाही. पण लेबलावर अल्कोहोल 8.5 टक्केच आहे, म्हणजे बरीच साखर न आंबता राहिली असणार. ट्रोकनवर 12 आहे. तिकडे नदीकाठच्या खड्या उतारांवर स्लेटच्या दगडात वेली लावतात. दगड दिवसा तापतो, रात्री ऊब देतो, आणि थंड हवेत फळ सावकाश पिकल्याने आंबटपणा टिकतो.

माझा कल हुमणाबरोबर काबिनेटकडे आहे, तिखटाला थोडी गोडी बरी. मेव्हणा ट्रोकनवर अडून बसलाय (त्याला तिखट झेपत नाही, हा भाग वेगळा). अडचण तिरफळाची. जीभ बधिर झाल्यावर वाइनची चव लागते का? आणि आमसुलाच्या आंबटावर आणखी आंबट चालेल?

दुसरं, ट्रोकनच्या बुचाला खाली काचेसारखे कण दिसतायत. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी, पण पाहुण्यांना ओतताना गाळू की बाटली नुसती उभी ठेवू? मासळीबरोबर कुणी प्यायलं असेल तर कृपया सांगा.