पहिल्या पानावरचा नंबर

बँकेचा हेल्पलाइन नंबर सर्च करून शोधला की अनेकांना वाटतं, "पहिल्या पानावर आलाय म्हणजे नंबर बँकेचाच असणार." तिथेच गोम आहे. सर्चचा क्रम ठरताना नंबर खरा की खोटा हे कोणी फोन लावून बघत नाही.

खोटे नंबर तीन वाटांनी वर येतात: पैसे भरून दिलेली जाहिरात (बारीक अक्षरात 'प्रायोजित'), नकाशावरच्या शाखेच्या नोंदीत कोणीही सुचवू शकतो अशी दुरुस्ती, आणि भलत्याच साइटवर चढवलेल्या पीडीएफ. सर्चच्या निकालांच्या डोक्यावर दिसणारा एआय सारांशही याच पानांतून उचलतो, त्यामुळे तो दुसरा पुरावा धरू नका.

नंबर कार्डाच्या मागून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून घ्या. साइट उघडायचीच तर पत्त्यातल्या (सुरुवातीचं 'https://' सोडून) पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधीचा भाग वाचा. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं, म्हणून शेवट तोच हवा. बँकेचं नाव पत्त्यात आधी कुठेही घुसडता येतं.

फोनवर पलीकडच्याने तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला किंवा *४०१* लावून पुढे एखादा नंबर दाबायला सांगितलं की फोन ठेवा. दुसऱ्या प्रकारात तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, ओटीपीचा कॉलसुद्धा. वळवलेले कॉल ##००२# ने रद्द होतात.

अ‍ॅप टाकून झालं असेल तर आधी नेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन). अ‍ॅप काढायची घाई नको, त्यातला आयडी तक्रारीत लागतो.