जीपीएस यंत्र विकत घेतल्यावर नकाशाचे भाडे का भरायचे?

पाऊणशे यार्ड (धागाकर्ता)

गोल्फमध्ये अंतर दाखवणारे हातात धरायचे यंत्र मी तीन वर्षांपूर्वी घेतले. वार्षिक शुल्काचा उल्लेख खोक्यावर बारीक अक्षरांत होता आणि तो मी वाचला नाही, ही माझी चूक आधीच मान्य करून टाकतो. पहिले वर्ष सुरळीत गेले. मुदत संपल्यावर यंत्र बंद पडले नाही, पण नव्या कोर्सचा नकाशा उतरवून घेता येईना, आणि आधी ग्रीनची (चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याभोवतीच्या हिरवळीची) पुढची कड, मध्य आणि मागची कड अशी तीन अंतरे दिसत असत, त्यांतले फक्त मध्याचे अंतर उरले. यंत्र तेच, बॅटरी तीच, आकाशातले उपग्रहही तेच. गेली ती फक्त कंपनीची परवानगी.

उपग्रहांचे संकेत कोणालाही फुकट मिळतात. अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हा शंभर मीटरपर्यंत हुकणारे स्थान काही मीटरांवर आले, आणि गोल्फसाठी या तंत्राचा खराखुरा उपयोग होऊ लागला. मोकळ्या आकाशाखाली आजची साधी उपकरणेही पाचेक मीटरच्या आत स्थान सांगतात. म्हणजे या यंत्रातला सर्वांत अवघड आणि महागडा भाग सरकारी पैशातून उभा आहे. राहता राहिला नकाशा: अठरा होल, प्रत्येक ग्रीनचे तीन बिंदू, काही बंकर (वाळूचे खड्डे) आणि पाण्याची कड. ही माहिती महिन्यागणिक बदलणारी नाही. घर विकून झाल्यावर बिल्डरने दर वर्षी किल्लीचे भाडे मागावे, तसा हा प्रकार मला वाटतो. वेगळे मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

मोजणीदार

असहमत. आपण नकाशाला फारच स्वस्त समजत आहात.

यंत्र सांगते ते अंतर दोन स्थानांमधले असते: आपण उभे आहात ती जागा आणि ग्रीनवरचा तो बिंदू. पहिले स्थान उपग्रह देतात, दुसरे कोणीतरी आधी मोजून ठेवलेले असते. त्या दुसऱ्या बिंदूत आठ यार्डांची चूक असेल, तर आपले यंत्र कितीही अचूक असले तरी उत्तर आठ यार्डांनी चुकणारच. शिवाय ही चूक रोज थोडी इकडे-तिकडे हलणारी नसते. ती त्या होलवर कायम एकाच दिशेने बसते, त्यामुळे खेळणाऱ्याला आपला फटकाच कमी पडत असल्याचा भास होतो.

हवाई छायाचित्रावर संगणकासमोर बसून बिंदू टाकणे आणि कोर्सवर प्रत्यक्ष चालून ग्रीनची कड मोजणे या दोन कामांच्या खर्चात पुष्कळ अंतर आहे. झाडांच्या सावलीत छायाचित्रावरून कड दिसतही नाही. स्कायकॅडी या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने कोर्सवर पायी फिरून नकाशे करण्याची आणि त्यासाठी सभासदत्व घेण्याची पद्धत ठेवली, तिच्यामागे हेच कारण आहे. आणि कोर्स बदलत नाहीत असे कोण म्हणते? ग्रीन नव्याने बांधले जातात, टी (पहिला फटका मारायच्या जागा) मागे नेल्या जातात, बंकर बुजवले जातात. मी स्वतः एकदा जुन्या नकाशावर विसंबून खेळलो. ग्रीन सुमारे वीस यार्ड मागे सरकवले होते आणि पुढे, जुन्या ग्रीनच्या जागी, बंकर केला होता. यंत्राने मला अगदी निष्ठेने त्या बंकरच्या मध्यावर पोहोचवले.

पिनकडे नजर

दोघांच्याही वादात मूळ गरजच तपासली जात नाही. माझ्याकडे लेझरचे रेंजफाइंडर आहे. ते निशाणापर्यंतचे अंतर साधारण एका यार्डाच्या फरकाने सांगते, त्याला नकाशा लागत नाही, शुल्क लागत नाही, आणि ग्रीन सरकले तरी निशाण ग्रीनसोबतच सरकते. आज पिन (खळग्यातली निशाणाची काठी) पुढे आहे की मागे, हे जीपीएस यंत्राला ठाऊक नसते. तीस यार्ड खोल ग्रीनवर पिन अगदी पुढे असणे आणि अगदी मागे असणे यांत दोन क्लबांचा (फटका मारायच्या काठ्यांचा) फरक पडतो.

मोजणीदार

@पिनकडे नजर, निशाण दिसत असेल तोवर आपले म्हणणे खरे आहे. चढामागच्या ग्रीनचे, झाडांआडच्या वळणाचे किंवा पाणी पार करायला किती लांब मारावे लागेल त्याचे अंतर लेझर सांगू शकत नाही, कारण समोर नजर टाकायला वस्तूच नसते. शिवाय निशाणाचे अंतर नेमके कळले की मन निशाणाकडेच धावते. पुढची कड किती आणि मागची किती हे कळले, तर माणूस ग्रीनच्या मध्यावर मारण्याचा शहाणपणा करतो. हौशी खेळाडूच्या धावसंख्येला (क्रिकेटचा शब्द आला, क्षमस्व) त्याचाच फायदा अधिक होतो.

सावकाश खेळा

मला धागाकर्त्याचे पटते, पण कारण वेगळे आहे. हल्ली शुल्काच्या बदल्यात जे विकले जाते ते बहुधा साधे अंतर नसतेच. चढउतार धरून ‘खेळण्याचे’ अंतर, कोणता क्लब घ्यावा याचा सल्ला, ग्रीनच्या उताराचे रंगीत नकाशे, अशा गोष्टींसाठी पैसे मागितले जातात. नियम काय सांगतात ते पाहावे. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांत, नियम ४.३ नुसार, अंतर मोजण्याचे उपकरण वापरायला सरसकट मुभा आहे; स्पर्धेच्या समितीला हवे असेल तर ती स्थानिक नियम करून ते बंद करू शकते. पूर्वी याच्या उलट होते. परंतु उंचीतला फरक मोजणे, आणि चेंडूच्या जागेवरून अमुक क्लब घ्या अशी शिफारस उपकरणाकडून घेणे, हे फेरी चालू असताना वर्ज्यच आहे. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात) पहिल्या वेळी दोन फटक्यांचा दंड आणि दुसऱ्या वेळी बाद. ग्रीनच्या उतारांच्या नकाशांवरही प्रमाणाची मर्यादा आहे: पाच यार्डांना तीन-अष्टमांश इंच, म्हणजे १:४८०, आणि ती पडद्यावरच्या नकाशालाही लागू पडते.

हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी) नोंदवायच्या फेऱ्याही नियमांनुसारच खेळलेल्या असाव्या लागतात. याचा अर्थ असा की, ज्या सोयींसाठी आपण दर वर्षी पैसे मोजतो, त्यांतल्या काही सोयी नेमक्या महत्त्वाच्या दिवशी बंद करून ठेवाव्या लागतात. सरावाच्या फेरीत मात्र त्या खुशाल वापराव्यात. पण कायम उताराचा हिशेब यंत्राकडून करून घेणारा माणूस स्पर्धेत त्याच चढासमोर गोंधळतो, हे मी माझ्याच चौकडीत पाहिले आहे.

तिसरा फटका

शुल्क भरणाऱ्यांपैकी मी एक आहे, तेव्हा माझीही बाजू मांडतो. मी पैसे नकाशासाठी भरतच नाही. क्लबांना लावलेले सेन्सर प्रत्येक फटक्याची नोंद करतात आणि फेरी संपल्यावर मी फटके कुठे गमावले ते दिसते. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही, प्रत्येक फटक्याने इतरांच्या तुलनेत किती कमावले वा गमावले याची मोजणी मांडली आणि पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेने २०११ मध्ये पटिंगसाठी (ग्रीनवरच्या फटक्यांसाठी) ती अधिकृत आकडेवारीत घेतली. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंच्या गुणांत जो फरक पडतो, त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग १०० यार्डांच्या बाहेरून मारलेल्या फटक्यांतून येतो, असे त्यांच्या विश्लेषणातून दिसले. मी वर्षानुवर्षे पटिंगला दोष देत होतो. नोंदी पाहिल्यावर कळले की माझा सात नंबरचा क्लब मी समजत होतो त्यापेक्षा अकरा यार्ड कमी जातो. सपाट जमिनीवरचे अंतर कितीही अचूक कळले, तरी आपला चेंडू किती जातो हेच ठाऊक नसेल तर त्या आकड्याचे करायचे काय?

पाऊणशे यार्ड (धागाकर्ता)

@तिसरा फटका, आपले उदाहरण मला पटले, तरी ते शुल्काच्या बाजूने जात नाही. अकरा यार्डांचा तो शोध एकदाच लागतो; दुसऱ्या वर्षी सात नंबरचा क्लब आपल्याला नवे काय सांगणार? शिवाय आर्कोससारख्या वार्षिक सभासदत्व घेणाऱ्या सेवेशेजारी शॉट स्कोप तशीच आकडेवारी शुल्काविना देते, आणि गार्मिनच्या घड्याळांत जगभरातल्या चाळीस हजारांहून अधिक कोर्सचे नकाशे वेगळे वार्षिक शुल्क न घेता येतात. तिथे सभासदत्व आहे ते ग्रीनच्या उतारांसारख्या जादा गोष्टींसाठी. म्हणजे नकाशा राखण्याचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरणे अशक्य नाही.

@मोजणीदार, बंकरचा आपला अनुभव वाचून मी थोडा मागे सरलो आहे. नकाशा ताजा ठेवण्याचे काम कोणीतरी करते आणि त्याचे मोल द्यावे, हे मान्य. माझा आक्षेप आता एवढाच उरला आहे की मुदत संपल्यावर नवे नकाशे थांबवावेत, पण जे अंतर यंत्र काल दाखवत होते ते आज लपवू नये. जुना नकाशा जुना म्हणून दाखवा, त्यावर त्याची तारीख टाका, धोका आम्ही पत्करू.

तिसरा फटका

असा शोध एकदाच लागतो हे बरोबर नाही. वय वाढते, क्लब बदलतात, थंड हवेत चेंडू कमी जातो. पण शुल्काविना मिळणाऱ्या नोंदींचा मुद्दा मला खोडता येत नाही. मी सेवा बदलली तर माझ्या चार वर्षांच्या नोंदी मागे राहतील, आणि खरे सांगायचे तर मी शुल्क भरत राहतो ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

मोजणीदार

@पाऊणशे यार्ड, तारीख टाकण्याची आपली सूचना रास्त आहे. ती तर शुल्क भरणाऱ्यांनाही दिसायला हवी. निदान आपण कशाचे पैसे भरतो ते कळेल. वर्षात आठ-दहा फेऱ्या आणि त्याही एकाच कोर्सवर खेळणाऱ्याने शुल्क भरू नये, असे मीही म्हणेन. सतत नव्या कोर्सवर जाणाऱ्याचा हिशेब निराळा असतो.

पाऊणशे यार्ड (धागाकर्ता)

माझे बहुतेक खेळणे एकाच कोर्सवर होते. पुढच्या फेरीत फेअरवेवरच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरच्या) पाण्याच्या स्प्रिंकलरच्या झाकणांवर लिहिलेले अंतर आणि यंत्राने दाखवलेले अंतर अठराही होलवर टिपून घेतो, आणि फरक इथे देतो. सगळे दोन-तीन यार्डांत बसले, तर शुल्काचा विषय माझ्यापुरता संपला.

मोजणीदार

जरूर टिपा. मात्र झाकणावरचा आकडा ग्रीनच्या मध्यापर्यंतचा आहे की पुढच्या कडेपर्यंतचा, हे आधी कोर्सवर विचारून घ्या, कारण ते सगळीकडे सारखे नसते. आणि एखादे ग्रीन नव्याने बांधले असेल, तर झाकणे त्यानंतर बदलली होती का, हेही विचारा.