आयर्लंड: मेयोतलं मूळ गाव शोधायला गाडीने आठ दिवस, तयारी काय करावी?

केतकी_ब: नवऱ्याचे खापरपणजोबा १८८०च्या दशकात मेयो काउंटीतून बॉस्टनला गेले. आडनाव वॉल्श, जन्म १८६६च्या आसपास, आईचं माहेरचं आडनाव गिबन्स. एवढंच ठाऊक आहे. मे महिन्यात डब्लिनला उतरून गाडी भाड्याने घेणार आहोत. नवऱ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि लायसन्स, माझा पासपोर्ट भारतीय. घर किंवा थडगं सापडायची कितपत शक्यता आहे?

बखरवाचक: नुसत्या ‘मेयो’वर निघालात तर आठ दिवस डोंगर आणि मेंढ्या बघून परत याल. वॉल्श हे तिथलं सगळ्यात गर्दीचं आडनाव. आधी टाउनलँड काढा. टाउनलँड म्हणजे जमिनीची सगळ्यात लहान मोजलेली हद्द, कधी चारपाच घरांची. देशभरात ती साठ हजारांवर आहेत आणि एकच नाव दहा ठिकाणी सापडतं, म्हणून सोबत सिव्हिल पॅरिशचं (अनेक टाउनलँड मिळून होणाऱ्या जुन्या सरकारी विभागाचं) नावही हवं.

जन्म १८६६चा म्हणजे नशीब चांगलं, कारण सगळ्यांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४पासून सुरू झाली. ‘आयरिश जिनिॲलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानांच्या प्रतिमा फुकट बघता येतात. त्या काळच्या सूचीत आईचं नाव नसतं, त्यामुळे १८६४ ते १८६८मधले सगळे वॉल्श एकेक उघडून गिबन्स शोधावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण चिकाटी ठेवा. नोंदीवर ‘कॅसलबार’ दिसलं म्हणून हुरळू नका, तो नोंदणी जिल्हा असतो. टाउनलँड जन्मस्थळाच्या रकान्यात असतं.

मग ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची मोजणी (१८४७–६४) बघा. तो तिथला सातबारा समजा: कूळ कोण, जमीनदार कोण, क्षेत्र किती. नकाशाच्या रकान्यात ‘४ A a’ असं काही असेल, त्यात ४ म्हणजे खातं, मोठं अक्षर म्हणजे त्याचा तुकडा, छोटं अक्षर म्हणजे घर. दोन अडचणी येतात. ऑनलाइन नकाशा बहुधा नंतर सुधारलेला असतो, म्हणून आकडे जुळत नाहीत. शिवाय १८९१नंतर कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने (गरीब, दाटीच्या भागांसाठीच्या सरकारी मंडळाने) पश्चिमेकडच्या सामाईक जमिनी लांब पट्ट्यांत पाडून दिल्या आणि कुटुंबं हलवली. ग्रिफिथमधलं घर आणि १९०१च्या जनगणनेतलं घर एकच असेल असं धरून चालू नका.

स्टेपनी: गाडीबद्दल. ऑटोमॅटिक हवी तर आत्ताच बुक करा, आणि घ्याल ती छोटीच घ्या. विमानतळावरून एम५० (डब्लिनभोवतीचा महामार्ग) धरून पश्चिमेला एम४ महामार्गावर जाताना सहा आणि सात नंबरच्या एक्झिटमध्ये टोल आहे, पण नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरावे लागतात. गाडी देणारी कंपनी भरते की तुम्ही, ते काउंटरवरच विचारून घ्या. पुढे एम४वर मात्र नाक्याचा टोल आहे.

पंपावर नवऱ्याला सांभाळा. अमेरिकेत हिरवी नळी बहुधा डिझेलची, इथे हिरवी पेट्रोलची आणि काळी डिझेलची.

उजवीकडे बसायची सवय नसलेला माणूस नकळत डावीकडे सरकतो. तिथे झुडपात लपलेली दगडी भिंत असते आणि टायरची बाजू फाटते. टायर, काचा आणि गाडीचा तळ साध्या विम्यात अनेकदा नसतात, तेवढी ओळ वाचून मग सही करा. ग्रामीण स्थानिक रस्त्यांची मर्यादा ७ फेब्रुवारी २०२५पासून ८०वरून ६० किमी झाली आहे. मधोमध गवत उगवलेल्या बोरीनवर (अरुंद गावरस्त्यावर) तीसच पुरे. समोरून ट्रॅक्टर आला तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ, त्याने रिव्हर्स घ्यायचा.

डब्लिन ते मेयोतलं वेस्टपोर्ट सुमारे २६० किमी, साडेतीन तास. वाटेत स्ट्रोक्सटाउनचं दुष्काळ संग्रहालय चुकवू नका.

आता व्हिसाबद्दल. तुम्हाला आयरिश व्हिसा लागेल, नवऱ्याला नाही. उत्तर आयर्लंड म्हणजे ब्रिटन. सीमेवर कुणी अडवत नाही, तरी त्यांना ईटीए (आधी ऑनलाइन काढायची प्रवास परवानगी) हवा आणि तुम्हाला ब्रिटिश व्हिसा (किंवा आयरिश व्हिसावर बीआयव्हीएस, म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा शेरा). नुसतं मेयोच करायचं असेल तर हा प्रश्नच नाही.

केतकी_ब: गिबन्स आई असलेला एक जेम्स सापडला! पण सरकारी जन्मतारीख २० मार्च आणि चर्चच्या वहीत बाप्तिस्मा ३ मार्च. माणसं वेगळी का?

बखरवाचक: बहुधा एकच. तीन महिने उलटल्यावर नोंद केली तर दंड होता, म्हणून उशिरा गेलेले बाप तारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्मा जन्मानंतर एकदोन दिवसांतच व्हायचा, तेव्हा चर्चची तारीख खरी माना. वहीत तो ‘जेकोबस’ असेल, लॅटिनमुळे बिचकू नका. मागे राहिलेली भावंडं १९०१ आणि १९११च्या जनगणनेत त्याच टाउनलँडमध्ये शोधा. दहा वर्षांत कुणी सतरा वर्षांनी म्हातारा झालेला दिसला तर हसू नका: १९०९पासून सत्तरीच्या वर पेन्शन मिळू लागली होती.

शेवाळ: थडग्यांसाठी पडक्या चर्चभोवतीची जुनी दफनभूमी आधी बघा. तिला एअरकोड (तिथला पिनकोड) नसतो, म्हणून अक्षांश-रेखांश घरूनच फोनवर उतरवून घ्या. अक्षरं पुसट असतील तर खडू, तारेचा ब्रश, शेव्हिंग फोम यातलं काही लावू नका, दगड कायमचा खराब होतो. साधं पाणी शिंपडा आणि आरशाने किंवा टॉर्चने कडेकडून तिरपा उजेड पाडा. समोरून कोरा दिसणारा दगड वाचता येतो. गरीब कुळांच्या कबरीवर अनेकदा नुसता न कोरलेला दगड असतो, त्यामुळे नाव नाही म्हणजे माणूस तिथे नाही असं नव्हे.

शेतातून जायचा हक्क तिथे आपोआप मिळत नाही. जवळच्या घराचं दार वाजवा, टाउनलँडचं नाव आणि जनगणनेची छापील प्रत दाखवा. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंदच ठेवा. आत वळू दिसला तर दुसऱ्या बाजूने जा.